पावती कोणाच्या नावाने?

पावतीपुस्तक माझ्या हातात आलं ते कोजागरीच्या रात्री. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, आणि आमच्या भजनी मंडळातल्या वहिनी गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसल्या होत्या. वीसेक वर्षं त्या डोंबिवलीत घरोघर फिरून हिंगण्याच्या संस्थेसाठी भाऊबीज गोळा करायच्या. यंदा डॉक्टरांनी जिना बंद केलेला. मला म्हणाल्या, "तू पोस्टात होतीस. पावत्या फाडायची सवय आहे तुला. धर."

हिंगण्याची संस्था म्हणजे पुण्याच्या कर्वेनगरातली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. तिची भाऊबीज योजना जुन्या मंडळींना माहीत असते. कल्पना साधी. भाऊबीजेला बहिणीच्या तबकात जे टाकता, तसंच थोडं ओळख नसलेल्या एखाद्या मुलीच्या शिक्षणासाठी टाका. कोणीतरी तुमच्या दारात येईल, पैसे घेईल, पावती देईल. यंदा ते कोणीतरी म्हणजे मी.

चौतीस वर्षं मी पोस्टाच्या काउंटरच्या आत बसले. लोक माझ्याकडे यायचे, रांगेत उभे राहायचे, मी मान वर न करता "फॉर्म भरून आणा" म्हणायचे. आता मी दारात आणि लोक आत. हा फरक किती मोठा आहे ते पहिल्या संध्याकाळी कळलं. सात बेला वाजवल्या, दोन पावत्या फाटल्या, त्यातली एक माझ्या नणंदेची. एका घरातून नुसता आवाज आला, "आम्हाला काही नकोय." मी काही विकायला आले नाही हे बंद दाराला सांगण्यात अर्थ नव्हता.

वहिनींनी फोनवर हसून घेतलं. म्हणाल्या, "तू सुरुवात कुठून करतेस? १८९६ पासून?"

खरंच तिथूनच करत होते. मी आधी वाचून, टिपणं काढून गेले होते. दार उघडलं की सुरू: धोंडो केशव कर्वे, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १८९१मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेली. १८९३मध्ये त्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, लग्न केलं. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी. कोकणातल्या त्यांच्या मुरुड गावानं बहिष्कार घातला. १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी, म्हणजे आजची हीच संस्था, स्थापन झाली. इथपर्यंत येईपर्यंत समोरच्या बाईंच्या गॅसवरची कढी उतू जायची.

"'मुलींच्या शिक्षणासाठी' एवढंच म्हण," वहिनी म्हणाल्या. "विधवा हा शब्द काढू नकोस. दिवाळीच्या तोंडावर लोकांना तो दारात नको असतो."

मला ते खटकलं. आश्रम निघाला तो विधवांसाठीच, आणि तोच शब्द गिळायचा? पण दुसऱ्या दिवशी गिळला. अकरा घरांत सहा पावत्या झाल्या.

मग रात्री वाचताना लक्षात आलं की हे गिळणं खुद्द कर्व्यांनाही करावं लागलं होतं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी मोठं. विधवाविवाहाच्या प्रचारासाठी १८९३ साली त्यांनीच मंडळी काढली होती. स्वतः पुनर्विवाह केलेला माणूस. पण आश्रमासाठी पैसे मागायला निघाले तेव्हा त्यांना हे दोन विषय वेगळे ठेवावे लागले. विधवेनं शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, इथपर्यंत बरेच लोक मान डोलवत. तिनं पुन्हा लग्न करावं म्हटलं की पैशाची पिशवी बंद. तेव्हा आश्रम शिक्षणाचा राहिला, आणि ज्या बाईशी लग्न करून कर्व्यांनी हे सगळं अंगावर ओढवून घेतलं त्या बाया कर्व्यांना (म्हणजे लग्नाआधीच्या गोदूबाईंना) आपल्याच नवऱ्याच्या संस्थेपासून अंतर राखून राहावं लागलं. पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरते म्हटलं की लोक मुली पाठवणार नाहीत, ही भीती. मला कर्व्यांबद्दल आदर आहे, पण या ठिकाणी मी बायांच्या बाजूची आहे. हिशेब बरोबर असेल, किंमत तिनं मोजली. कर्व्यांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली तेव्हा घर कसं चालवायचं हा प्रश्नही तिच्याच पदरात पडला.

मागणाऱ्यांच्या यादीत मला सगळ्यात जवळच्या वाटल्या त्या मात्र पार्वतीबाई आठवले. बायांची बहीण. तरुणपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली, पदरात मुलगा. बहिणीकडे पुण्याला आली, वयाच्या पंचविशीनंतर मुळाक्षरांपासून शिकायला लागली आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली. १९१८मध्ये ती थेट अमेरिकेला गेली. इंग्रजी धड येत नव्हतं. तिथं लोकांच्या घरी कामं केली, भाषा शिकली, संस्थेसाठी पैसे मागितले आणि १९२०मध्ये परत आली. मी लिफ्ट बंद म्हणून पाचव्या मजल्यावर जाणं टाळत होते. ते वाचल्यावर पाचवा मजला केला. पाचव्या मजल्यावर कोणीच घरी नव्हतं, ते सोडा.

हळूहळू जमायला लागलं. काही गोष्टी कोणी शिकवत नाही, चुकून चुकून कळतात. दुपारी दोन ते चार बेल वाजवायची नाही. दारात चपला खूप दिसल्या तर पाहुणे आहेत, पुढे जायचं. फराळ करायला घेतलेल्या घरात बाईचे हात पिठात असतात, तेव्हा पैसे देणार कोण? नवरा. आणि नवऱ्याला पाकीट सापडत नाही. मोठ्या टॉवरमध्ये तर रखवालदार फोन करून विचारतो, वरून "कोण?" येतं, रखवालदार सांगतो "कोणी चंदेवाल्या बाई आहेत," आणि वरून "नाही" येतं. एका रखवालदाराला मी बसून सगळं सांगितलं. तो बिहारचा. त्यानं स्वतःच वीस रुपये काढले. नाव विचारलं तर म्हणाला, "पावती कशाला?" मी म्हटलं, पावतीशिवाय मी पैसे घेत नाही. त्यानं नाव सांगितलं, मी लिहिलं, त्यानं घडी घालून टोपीत ठेवली. त्या दिवसापासून तो वर फोन करताना "कर्वे संस्थेच्या मॅडम" म्हणायला लागला. फरक पडला.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षकानं मात्र मला उभं केलं. तरुण, घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि सावित्रीबाईंचा फोटो. शांतपणे म्हणाला, "काकू, फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ला काढली. बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ला. तुमचा आश्रम त्यानंतर तीसेक वर्षांनी, आणि तोही कोणत्या मुलींसाठी?"

उत्तर मला माहीत होतं, फक्त तोंडातून निघेना. सुरुवातीच्या काळातला आश्रम मुख्यतः ब्राह्मण आणि वरच्या जातींतल्या विधवांचा होता. तिथंही कारण तेच, देणगीदार आणि मुलींना पाठवणारी घरं बिथरतील. माणसामाणसांत समता यावी म्हणून कर्व्यांनी समता संघ काढला तो १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. मी त्याला तसंच सांगितलं, काही न झाकता. आज तिथं सगळ्या समाजांतल्या मुली शिकतात, खेड्यातून येऊन वसतिगृहात राहतात, हेही सांगितलं. त्यानं शंभर रुपये दिले. म्हणाला, "मुलींसाठी देतोय, कर्व्यांसाठी नाही." पावतीवर तसं लिहायला जागा नव्हती, नाहीतर लिहिलं असतं.

त्याच जिन्यात एक मुलगी भेटली, चर्चगेटच्या एसएनडीटीत शिकणारी. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, एसएनडीटी म्हणजे काय माहीत आहे का? "श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी," ती एका दमात म्हणाली, "पण त्या कोण ते नाही माहीत." मग मी तिथंच कठड्याला टेकून सांगितलं. १९१५च्या सुमारास कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाचं माहितीपत्रक पडलं, आणि १९१६मध्ये त्यांनी इथं महिला विद्यापीठ सुरू केलं, अगदी मोजक्या मुलींना घेऊन. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं नाव विद्यापीठाला दिलं. पंधरा लाख, त्या काळचे.

"मग वीस-वीस रुपये कशाला गोळा करता?" मुलीनं विचारलं.

चांगला प्रश्न. मी म्हटलं, ठाकरसी रोज भेटत नाहीत. पण खरं उत्तर वेगळं असावं. कर्वे तरुण होते तेव्हा त्यांनी मुरुड फंड काढला होता. गावाबाहेर नोकरी करणाऱ्या मुरुडकरांनी पगारातल्या रुपयामागे एक पैसा गावासाठी द्यायचा. गणिताच्या माणसाचा हिशेब तो. एक पैसा कोणाला जड नाही, आणि महिन्याच्या महिन्याला येतो. पंधरा लाख एकदा येतात.

मुलगी पुढे म्हणाली, "आणि भाऊच का ओवाळणी देणार? मी देते की." तिनं पन्नास रुपये फोनवरून द्यायला काढले. मी रोखच मागितले, कारण माझा फोन तेव्हा तसल्या कामाला तयार नव्हता. (नातवानं मग तयार करून दिला.) तिचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. ओवाळणी ही भावाची, म्हणजे मुलगी शिकते ती कुठल्यातरी भावाच्या कृपेनं, असंच ते नाव म्हणतं. पण माझ्या पुस्तकातली स्थळप्रती चाळली तर बहुतेक नावं बायकांची. पैसे कोणाच्या पाकिटातून आले ते वेगळं.

नावांचा घोळ इथंच सुरू होतो. "पावती कोणाच्या नावाने करू?" हा प्रश्न मी प्रत्येक दारात विचारला, आणि प्रत्येक दारात दोन क्षण शांतता. बाई देते पैसे, आणि मागं वळून म्हणते, "अहो, कोणाच्या नावाने?" आतून आवाज येतो, "माझ्याच कर, ८०जीला लागेल." मी ८०जीचंही, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचंही, वाचून ठेवलं होतं. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही. सातव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना हे सांगायची चूक केली. "मी नव्या करप्रणालीत आहे. मग मला काय फायदा?" दार बंद. प्रामाणिकपणाची पाचशे रुपये किंमत.

आता त्या आजींबद्दल. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, जुन्या चाळवजा इमारतीत, तळमजल्याला. वय सत्त्याऐंशी, रत्नागिरीकडच्या, हात थरथरत होते पण आवाज खणखणीत. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, मुलींच्या शिक्षणासाठी. त्यांनी विचारलं, "कुठली संस्था?" मी म्हटलं, हिंगण्याची. हल्ली मी कर्वेनगर म्हणायचे, तिथं मात्र तोंडातून हिंगणे आलं.

आजी म्हणाल्या, "आमच्या आत्याला पाठवायचं होतं तिथं."

वडिलांची सगळ्यात मोठी बहीण. नवव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी परत. आजोबांच्या ओळखीचं कोणीतरी पुण्याला होतं, त्यांनी सांगितलं की हिंगण्याला आश्रम आहे, मुलगी शिकेल, शिक्षिका होईल. घरात बोलणं झालं. ट्रंकसुद्धा काढली होती म्हणे माळ्यावरून. मग गावातलं कोणीतरी काहीतरी बोललं, आणि ट्रंक परत वर गेली. आत्या त्या घरात साठ वर्षं राहिली. लाल आलवण, मागचं स्वयंपाकघर, दळण, पापड, सगळ्यांची बाळंतपणं. आजींनाही तिनंच न्हाऊमाखू घातलेलं.

"तिला हिशेब फार छान यायचा," आजी म्हणाल्या. "कोणी शिकवला नव्हता. नारळांचा सगळा हिशेब तोंडी."

त्यांनी उशीखालून पुरचुंडी काढली, एक्कावन्न रुपये मोजून दिले. मी पेन उघडलं. कोणाच्या नावाने?

"आत्याच्या."

नाव काय लिहू?

आजी थांबल्या. खूप वेळ थांबल्या. "आम्ही सगळे आत्याच म्हणायचो. आई वन्सं म्हणायची. आजोबा..." पुन्हा थांबल्या. "आजोबा नावानं हाक मारत नसत."

पोस्टातली सवय अशी की नाव नसेल तर पावती होत नाही. मी म्हटलं, आजी, तुमचं लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा. पण फोन नंबर द्या. पुण्याला भाऊ आहे, त्याला विचारते." मी त्यांच्या नावानं लिहिलं. दोन दिवसांनी खरंच फोन आला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, फटाक्यांच्या आवाजात. भावालाही आठवत नव्हतं.

भाऊबीजेच्या रात्री मी हिशेबाला बसले. पन्नासातल्या सत्तेचाळीस पावत्या फाटल्या होत्या. स्थळप्रतींची बेरीज आणि डब्यातले पैसे जुळेनात, दोनशे कमी. पोस्टात असं झालं की मोजायचं, पुन्हा मोजायचं आणि मग पदरचे भरायचे. तीनदा मोजलं. मग आठवलं, नणंदेनं "पावती दे, पैसे उद्या देते" म्हटलं होतं. सख्ख्या माणसांना उधारीवर पावती द्यायची नाही, हा नियम मी स्वतःसाठी वहीत लिहून ठेवला.

तीन पावत्या उरल्या. एक माझ्या नावानं फाडली. एक नातीच्या. शेवटची, पन्नासावी, मी बराच वेळ समोर ठेवली. पैसे एक्कावन्न लिहिले. नावाच्या जागी काय लिहायचं ते सुचेना, आणि कोरी ठेवली तर हिशेबात बसणार नाही. शेवटी माझ्या आईचं माहेरचं नाव लिहिलं. तेही कोणी फारसं वापरत नसे.

पैसे भरायला मी स्वतःच पुण्याला गेले. वहिनी म्हणाल्या होत्या की कोणाबरोबर पाठवलं तरी चालेल, पण मला जागा बघायची होती. कल्याणहून सकाळची गाडी, स्टेशनवरून बस. कर्वेनगरला उतरलं की कळतच नाही आपण हिंगण्यात आहोत, चारी बाजूंनी शहर. संस्थेच्या आवारात शाळा, वसतिगृहं आणि मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज. वेण्या घातलेल्या मुलींच्या शेजारून लॅपटॉपची सॅक लावलेल्या मुली जातात. कार्यालयात मी पुस्तक आणि पैसे दिले. त्यांनी स्थळप्रती मोजल्या, मी श्वास रोखून उभी. चौतीस वर्षं मी लोकांच्या याच अवस्थेकडे पलीकडून बघत होते.

मग झोपडी बघायला गेले. ती जपून ठेवली आहे. आश्रम आधी गावात, सदाशिव पेठेत होता. १९००मध्ये प्लेगच्या धास्तीनं बाहेर हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, त्यातून ही उभी राहिली. मूठभर विधवा मुली आणि आजूबाजूला माळ. कर्वे कॉलेज सुटलं की गावातून चालत यायचे, सुमारे चार मैल, पावसाळ्यात चिखलातून, बरोबर मुलींना लागणारं सामानसुमान. सकाळी परत गणित शिकवायला. चालण्याचं त्यांना नवल नव्हतं. लहानपणी परीक्षेसाठी हा माणूस मुरुडहून साताऱ्याला चालत गेला होता, आणि वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही तेव्हा तसाच परत आला होता.

झोपडी मला वाटलं त्याहून लहान निघाली. मी बाहेर उभी राहून उगीच ट्रंका मोजत होते, म्हणजे मनात. इथं आठ-दहा ट्रंका मावल्या असत्या. अकरावीही मावली असती, थोडं सरकून.

परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत झोप लागली. डोंबिवलीला पोचायला रात्रीचे नऊ वाजले. लिफ्टमध्ये सातव्या मजल्याचे ते गृहस्थ होते, हातात दुधाची पिशवी. ओळखलं त्यांनी. म्हणाले, "तुम्ही त्या भाऊबीजवाल्या ना? मिसेसनं नंतर झापलं मला. तिची आजी त्याच संस्थेत शिकलेली." खिशातून पाचशेची नोट काढली.

मी म्हटलं, पुस्तक आजच जमा केलं. आता पावती देता येणार नाही.

"अहो, पावती राहू द्या, पैसे घ्या."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. मी दार पायानं अडवून धरलं आणि वहीत त्यांचा नंबर लिहून घेतला. मिसेसच्या आजींचं नावही विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, विचारून सांगतो.